दुसरा हात

ब्यूनोस आयर्समध्ये, ओन्से भागात, लावाशे रस्त्यावर
बटणांच्या दुकानात मी एकोणीस वर्षं काम करते.
मालकीणबाई पेर्ला वाइनश्टोक.
भिंतभर खण, प्रत्येक खणावर आतलं एकेक बटण दोऱ्यानं टाचलेलं,
नाव नाही, किंमत नाही, तिला सगळं पाठ.
दुकान भाड्याचं. जुलैच्या थंडीत छत गळतं,
आम्ही बादली ठेवतो शिंगाच्या बटणांशेजारी,
कारण शिंग भिजलं की वाकडं होतं.

हे एवढं सांगते, कारण
त्या रात्री टीव्हीवर दामासो इरिबारेन म्हणाला,
हा देश कुणाच्या खिशात आहे, ठाऊक आहे ना तुम्हाला?
आणि स्वतःच्या नाकावरून बोट ओढत नेलं
लांब, हवेत, पार कॅमेऱ्यापर्यंत.

स्टुडिओ हसला.
मीही हसले.

फार नाही. भांडी घासताना
नाकातून हवा सुटावी, तेवढंच.
त्याचा आवाज माझा फार आवडता,
नवरा गेला त्या वर्षी स्वयंपाकघरात तोच असायचा सोबतीला.
हसू आधी आलं. अर्थ मागून,
चार जिने चढून आलेल्या माणसासारखा, धापा टाकत.

सकाळी पेर्लानं मातेसाठी पाणी तापवलं.
एकाच नळीनं पितो आम्ही, एकोणीस वर्षं.
म्हणाली, त्याच्या पांढऱ्या कोटाची बत्तीस बटणं इथली,
शिंपल्याची. तेव्हा तो लग्नांत गायचा,
पैसे नंतर देतो म्हणाला होता.
दिले?
दिले की. माणूस व्यवहाराला चोख.
आणि ती खण पुसायला लागली.
तिला धीर द्यायला चार वाक्यं जुळवून आणली होती मी.
ती तशीच राहिली, पिशवीत.

मग आठवडाभर गल्ली बोलत होती.
बेकरीवाला म्हणाला, जिभेला हाड नसतं.
माझा भाचा म्हणाला, कला वेगळी, माणूस वेगळा.
कुणी त्याच्या फाटकावर अंडी फेकली;
पेर्ला म्हणाली, महाग आहेत हल्ली.
मग त्याची माफी आली, मागे पियानो लावून:
कुणाचं मन दुखावलं असेल तर.
त्या ‘तर’वर मी रेडिओ बंद केला.

कोपऱ्यावरच्या ज्यू शाळेपुढे काँक्रीटचे खुंट आहेत,
गाडी आत घुसू नये म्हणून.
मुलं त्यांवर बसून बिस्किटं खातात.
मी रोज तिथूनच जाते.
नाकावरून निघालेलं ते बोट
कॅमेऱ्यापाशी थांबलं नव्हतं.

टाळी एका हातानं वाजत नाही म्हणतात.
त्याचा तो एक हात, मान्य.
तो त्याच्या खांद्याला आहे, त्याला मी काय करणार?
पण दुसरा
त्या रात्री साबणाच्या पाण्यात होता, माझा.

माझ्याकडे त्याच्या मैफलीचं तिकीट होतं, नववी रांग.
खिडकीतल्या पोरानं विचारलं, परत का करताय?
त्याच्या यादीत आजारपण होतं, प्रवास होता,
चुकून घेतलं, हेही होतं.
मी म्हटलं, लिही, हसले म्हणून.
त्यानं मान वर केली.
मागच्या बाईनं विचारलं, म्हणजे?
मग मी सांगितलं. रांग खोळंबली. सांगितलं.
दोघी-तिघी वैतागल्या,
एका म्हाताऱ्यानं हातातलं तिकीट उलटं करून वाचलं,
जणू मागे काही लिहिलं असावं,
आणि पुन्हा खिशात ठेवलं.

गाणी? घरात आहेत अजून.
फोडली नाहीत, लावलीही नाहीत.
कधी भांडी घासताना ओठांवर येतात, मी पाणी मोठं सोडते.

काल दुकानात गिऱ्हाईक नव्हतं.
मी म्हटलं, पेर्ला, त्या रात्री मी हसले होते.
तिनं चष्मा काढला. काच पुसली. पुन्हा पुसली.
किती?
मी नाकातून हवा सोडून दाखवली.
ती बराच वेळ बत्तीसच्या खणाकडे बघत राहिली,
की मलाच तसं वाटलं.
मग म्हणाली, बादली भरलीय,
ओतून ये.